राजाचा शेला

आमच्या घरात राजा पितळी ताटात जेवायचा आणि त्याचा प्रधान, सेनापती, कैदी, दासी सगळे जर्मनच्या थाळीत. जत्रेच्या आधी दर वर्षी हेच. गावाचं नाटक आमच्या ओसरीवर बसायचं, म्हणजे तालमी आमच्याकडं व्हायच्या, आणि तालमीच्या घरानं नटांना एक वेळ जेवू घालायचं अशी रीत होती. माय सकाळपासून चुलीपुढं. ज्वारीच्या भाकरीची चवड, येसराची आमटी, मेथीचा घोळाणा, वर लसणाचा भुरका. राजाच्या ताटात तेवढा लोण्याचा गोळा जास्तीचा. "प्रधान बी त्याच दरबारातला हाय की वहिनी," रहीमचाचा थाळी पुढं सरकवायचे, "मेरे को मख्खन क्यूं नही?" माय भाकरी उलथता उलथता म्हणायची, "आधी राज्य कमवा भाऊजी, मंग लोणी मागा." ओसरीवर जे असतील ते हसायचे. राजा सगळ्यात मोठ्यानं हसायचा, आणि लोणी खायचा.

राजा म्हणजे दादाराव. गावचे सरपंच, आप्पांचे बालमित्र, आणि बापाच्या पाठोपाठ राजाची भूमिका करणारे. आप्पा म्हणजे माझे वडील, नाटकाचे तालीममास्तर. शेती आमची बेताची, पण आप्पांचा आवाज आणि पाठांतर गावात एक नंबर. रहीमचाचा गावचे शिंपी. वर्षभर लोकांच्या बंड्या आणि पोलकी शिवायचे, जत्रा जवळ आली की राजाचा अंगरखा, आणि स्वतः प्रधान व्हायचे. आमचं गाव हसनाबादच्या अंगाला, तिथून बैलगाड्या भरून लोक नाटकाला यायचे. माणसांना अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असायचं म्हणून नाटक दुपारीच लागायचं, शाळेच्या पटांगणात, जाजमं बांधून केलेल्या मांडवाखाली. नाटकाला मोठं लांबलचक संस्कृताळलेलं नाव होतं, पण गावात त्याला कुणी त्या नावानं ओळखत नव्हतं. "राजाचं नाटक" म्हणलं की झालं. पिढ्यान् पिढ्या तेच नाटक. दुसरं करायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

गोष्ट साधी. एक राजा असतो. डोंगरातला एक सरदार त्याच्यावर उठतो, कारण डोंगरातून जाणारी वाट सरदाराच्या ताब्यात असते. लढाई होते, सरदार पकडला जातो. शेवटच्या अंकात त्याला साखळदंडात दरबारात आणतात. सगळ्यांना वाटतं आता मान उडणार. राजा सिंहासनावरून उतरतो, स्वतःच्या खांद्यावरचा भरजरी शेला काढतो, सरदाराच्या खांद्यावर घालतो, आणि म्हणतो, तुमची कन्या माझ्या युवराजाला द्या. मग पद. त्या पदाला बायका पदराआड रडायच्या, पुरुष खोकायचे. दादाराव शेला असा काढायचे की आमच्या गल्लीतली म्हातारी पार्वताबाई बसल्या जागेवरून हात जोडायची. राजा असावा तर असा.

आता तालमी कशा चालायच्या ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आत्ताची पोरं मोबाईलवर सगळं पुस्तक एकमेकांना धाडतात. तेव्हा तसं नव्हतं. ज्याच्या त्याच्या हातात त्याची त्याची नक्कल. नक्कल म्हणजे फक्त त्याच्या वाट्याची भाषणं, आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन शब्द, म्हणजे आपण कधी बोलायचं ते कळावं. बाकी नाटकात काय चाललंय याच्याशी घेणं नाही. आणि सगळे एका वेळी जमणार तरी कसे? सेनापतीची पाणी द्यायची पाळी, दासी झालेल्या नामदेवाची म्हैस व्यालेली, सरदार कधी जालन्याला बाजारात. जो मोकळा झाला तो यायचा, आप्पांपुढं बसून आपली नक्कल म्हणायचा, जेवायचा, जायचा. दोन माणसं एकमेकांसमोर उभी राहायची ती थेट जत्रेच्या आदल्या दिवशी. त्यामुळं गंमत अशी होती की सरदाराला राजाच्या मनातलं माहीत नसायचं, राजाला प्रधानाचं माहीत नसायचं, आणि सगळं नाटक पुरतं माहीत होतं ते आप्पांना, आणि चुलीपाशी बसून सगळ्यांचंच ऐकणाऱ्या आम्हा दोघी बहिणींना. शकू मोठी, मी धाकटी. शकू पीठ मळता मळता सेनापतीच्या आवाजात मला हुकूम सोडायची, "जा, तांब्या घेऊन ये, नाहीतर कडेलोट करीन!"

त्या वर्षी तालमीत नेहमीची मजा नव्हती. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागायची होती, आणि जत्रा झाली की लगेच. खालच्या आळीतली माणसं एक दिवस आली. ओसरीवर बसली, चहा घेतला, घसा खाकरला. त्यातला एक जण म्हणाला, "मास्तर, यंदा तुम्ही उभं राहा. दादारावला इतकी वर्षं झाली. आमच्या आळीत अजून नळ न्हाई, शाळंला कवलं न्हाईत. तुमचं नाव असलं तर अख्खी आळी बराबर तुमच्या मागं." आप्पा नुसते मांडीवर बोटांनी ठेका धरून बसले. ती माणसं "इचार करा" म्हणून गेली. आप्पांना रात्री झोप लागेना, आणि त्यांना झोप लागली नाही की ते नाटकातली पदं पुटपुटायचे. तेव्हा कळलं की हे प्रकरण त्यांच्या मनात बसलंय. उभं राहावं असं वाटत होतं त्यांना. मायनं विचारलं तेव्हा म्हणाले, "शाळंचं तेवढं खरं हाय गं. पावसाळ्यात पोरं छत्र्या घेऊन बसतात वर्गात."

आणि मग पाच-सहा दिवसांतच दादाराव आले ते तालमीला नाही. टोपी नीट घालून, दोन माणसं बरोबर घेऊन आले. मायनं घाईघाईनं सुशीला केला. मुरमुरे भिजवून, हिरवी मिरची घालून, वर दाण्याचा कूट. दादारावांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "मास्तर, तुमची शकू मला द्या. आमच्या वसंतासाठी." वसंता म्हणजे त्यांचा पुतण्या, जालन्याला लोखंडाच्या मिलमध्ये हजेरी लिहायच्या कामाला होता. "हुंडा न्हाई, मानपान न्हाई, पोशाख न्हाई. नारळ अन् पोरगी. खर्चा सगळा माझ्याकडं. आपण काय आजचे दोस्त हाय का?"

आप्पांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हाचे दिवस आठवा. मुलीच्या बापाला आयुष्यभर एकच घोर. आणि इथं सरपंच स्वतः चालत आलेले. आप्पांनी त्यांचे दोन्ही हात हातात धरले. दादाराव म्हणाले, "आत्ताच गावात बोलू नका. जत्रेच्या दिवशी राजाचा शब्द म्हणून मीच सांगतो."

राजाचा शब्द म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगायला पाहिजे. नाटक संपलं की रंग पुसायच्या आधी राजा तसाच सिंहासनावर बसायचा, बेगडाचा मुकुट घातलेला. त्याला आधी ओवाळायचं. पहिली ओवाळणारीण तालमीच्या घरची. राजा विचारायचा, "माग, काय पाहिजे?" ओवाळणारणीनं म्हणायचं, "गावाला सुख द्या, महाराज." मग राजा तिच्या ताटात खण घालायचा. आणि त्यानंतर राजा एक शब्द द्यायचा. कुणाचं बांधाचं भांडण असेल, कुणाची सोयरीक अडली असेल. त्या दिवशी मुकुट घातलेल्या माणसाचा शब्द कुणी मोडायचा नाही. मोडला तर गावाला पाऊस नाही, असं म्हातारे सांगायचे. दादाराव हुशार माणूस. शकूची सोयरीक त्यांनी त्या शब्दात ठेवली, म्हणजे मग ती देवाच्या तोंडून आल्यासारखीच.

शकूला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. पण खरं सांगते, ती दुःखी नव्हती. वसंता वाईट नव्हता. ती चुलीपुढं गुणगुणायला लागली होती. वेणी घालायला तिला जास्त वेळ लागायला लागला होता. मी चिडवलं की पळीनं मारायची, पण हळू.

मग ती दुपार आली. रहीमचाचा अंगरख्याची मापं घ्यायला आले होते आणि राजाचा पत्ता नव्हता. आप्पा शेतावर. चाचा ओसरीवर बसले, मशीनच्या तेलाचा वास असलेला तो खाकी कोट घालून, आणि नेहमीचं दुखणं सुरू केलं. "मेरा सीन काटला गं बेटा. ह्या नाटकातला सगळ्यात जबरदस्त सीन. राजा आन् प्रधान, बस दोघंच. काटला."

शकू म्हणाली, "कुणी काटला चाचा?"

"दादारावच्या वालिदनं. ते राजा व्हायचे तवा. म्हणाले, राजाच्या तोंडी असलं बोलणं शोभत न्हाई, लोक काय म्हणतील. माझे अब्बा प्रधान होते. त्यांनी घरी म्हणून म्हणून मला पाठ करून दिलं. स्टेजवर एक बार बी न्हाई म्हणलं आजपर्यंत. कब्रस्तानात जाऊन म्हणू का आता?"

"म्हणा की मंग," मी म्हणाले. "आम्ही ऐकतो."

चाचांना तेवढंच पाहिजे होतं. उठले. खुंटीवरचा आप्पांचा पंचा खांद्यावर घेतला तो राजाचा शेला, आणि पंचा काढला की प्रधान. एका जागेवर दोन माणसं. कैदी दरबारात आणायच्या आधीचा प्रवेश होता तो. प्रधान विचारतो, महाराज, उद्या त्या सरदाराचं काय करायचं? चाचांनी पंचा खांद्यावर टाकला, आवाज खाली आणला. एरवी बकरीसारखं बोलणारा माणूस, पण त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला.

"प्रधानजी, वैऱ्याचे मस्तक उडवले तर रक्त भूमीवर पडते, आणि भूमी ते विसरत नाही. वैऱ्याला व्याही करावे. व्याह्याच्या हाती तलवार राहते, पण ती उपसण्याआधी त्याला आपल्या लेकीचा चेहरा दिसतो."

पंचा काढला. प्रधान झाले. "धन्य महाराज. परंतु जगाला काय दिसेल?"

पुन्हा पंचा. "जगाला माझा शेला दिसेल."

चाचा थांबले, आमच्याकडं पाहिलं, टाळ्यांची वाट बघत. मी टाळ्या वाजवल्या. शकूनं नाही. तिचे दोन्ही हात पिठात होते आणि ते तसेच राहिले होते. चाचा म्हणाले, "काय गं, आवडलं न्हाई?" ती म्हणाली, "लई आवडलं चाचा." आणि परत पीठ मळायला लागली, पण भाकरी थापली ती परातीबाहेर गेली.

आता इतक्या वर्षांनी मी विचार करते की दादारावांना हे ठाऊक होतं का? त्यांच्या नकलेत तो प्रवेश नव्हताच. बापानं काढून टाकलेला. ते आयुष्यभर राजाला देवमाणूस समजून शेला काढत राहिले, आणि मनापासून काढत राहिले, म्हणूनच तर लोक रडायचे. आणि जो प्रवेश त्यांनी कधी वाचला नाही, तोच ते आमच्या ओसरीवर सुशीला खाता खाता करून गेले. कुणी न शिकवता. राज्य करणाऱ्या माणसाला असलं आपोआप येतं की काय, कुणास ठाऊक.

त्या संध्याकाळी आप्पा जेवायला बसले तेव्हा शकूनं वाढता वाढता विचारलं, अगदी सहज, "आप्पा, खालच्या आळीवाल्यांना काय सांगितलं?"

"काय सांगायचं," आप्पा म्हणाले. "न्हाई म्हणून निरोप धाडला. व्याह्याच्या समोर कुणी उभं राहतं का? लोक तोंडात शेण घालतील."

बस. शकू माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. आप्पा बिचारे आमटीत भाकरी कुस्करत होते. दर वर्षी सगळं नाटक ज्यांच्या डोक्यात असायचं, त्यांना स्वतःच्या घरातलं दिसत नव्हतं. मायनं आमचे चेहरे पाहिले आणि आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेली. मी सगळं भडाभडा सांगितलं. मायनं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "नाटकातलं नाटकात ठेवा. सोन्यासारखं स्थळ हाय. त्याच्या पोटात काय का असंना, पोरीला खायला घालील न्हाई का?"

"माय," शकू म्हणाली, "मला बघून मागितलं असतं तर मी उद्या बोहल्यावर चढले असते. त्यांनी आप्पांना मागितलंय. मी नुसती दोरी हाय."

माय चुलीकडं परत गेली. पण त्या दिवसापासून तिचं बी चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. एकदा आमटीत दोनदा मीठ पडलं. सेनापती म्हणाला, "वहिनी, समुद्र आणला का आपल्या गावाला?" आणि माय हसलीच नाही. शकूनं गुणगुणणं बंद केलं. आप्पांना सांगावं तर त्यांनी हात धरून शब्द दिलेला. आप्पा म्हणजे शब्दासाठी जीव देणारे, त्यात मित्राच्या पोटात कपट आहे असं लेकीनं म्हणणं म्हणजे थोबाडीतच. मी रोज विचारायची, "शकू, काय करायचं?" ती म्हणायची, "गप. मला इचार करू दे." जत्रा जवळ येत होती. शाळेच्या पटांगणात बल्ल्या रोवायला लागले होते, तो ठोक्यांचा आवाज घरापर्यंत यायचा.

परवा शकूला फोनवर सांगितलं की मी हे लिहून राह्यले. ती म्हणाली, "लिही, पण मला रडकी करू नको." म्हणून लिहिते, ती एकदा बी रडली नाही.

जत्रेच्या दिवशी पटांगण फुलून गेलं. गाड्या, बैल, भज्यांचे घाणे, रेवड्यांची दुकानं. शाळेच्या एका खोलीत नट रंगत होते. मी तिथं पाणी द्यायला. दादाराव चेहऱ्याला सफेदा आणि गालाला लाली लावून बसले होते, दिवसभराचा उपवास, कुणाशी बोलत नव्हते. रहीमचाचा कोपऱ्यात प्रधानाची पगडी सारखी करत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेले आणि ऐकलं. तोच प्रवेश म्हणत होते. मी म्हणाले, "चाचा, आज म्हणणार की काय?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं काही चोरी पकडली. "पागल हाय का? गावात राहायचंय मला."

पण शेवटच्या अंकात, कैदी आत आणायच्या जरा आधी, राजा आणि प्रधान दोघंच रंगमंचावर होते तेव्हा, चाचा बोलायचे थांबले. त्यांचं वाक्य होतं "कैद्यास हजर करा." ते म्हणेनात. राजा वाट बघतोय. पडद्याआड आप्पांनी वाक्य पुरवलं, दोनदा पुरवलं. चाचांचं तोंड उघडलं, मिटलं. मी बायकांत बसले होते, शकूचं मनगट धरून. मला वाटलं आता म्हणतात. शेवटी चाचा म्हणाले, "कैद्यास हजर करा." नंतर मला सांगितलं, "हलक तक आलं होतं बेटा. इथपर्यंत." आणि गळ्याला हात लावून दाखवला.

मग साखळदंड, शेला, पद, रडणं. सगळं नेहमीसारखं. राजा सिंहासनावर बसला. म्हणजे शाळेची खुर्ची, तिच्यावर मखमल. मायनं ताट केलं. निरांजन, हळद-कुंकू, सुपारी. ती उठली तसा शकूनं तिच्या हातातून ताट घेतलं. बायका कुजबुजल्या. तालमीच्या घरची कोण बी चालते, मायच पाहिजे असा नियम नव्हता, पण गल्लीत कुणकुण लागलीच होती, आणि जिची सोयरीक ठरायची होती ती पोरगीच उठली याचं पार्वताबाईला कौतुक वाटलं. "बघा, सासऱ्याला ओवाळायला निघाली," ती म्हणाली.

शकूनं ओवाळलं. राजानं नेहमीचं विचारलं, "माग, काय पाहिजे?"

"गावाला सुख द्या, महाराज," शकू म्हणाली. लोकांनी "वा" केलं. राजानं खण उचलला. शकूनं ताट मागं घेतलं. "खण नको महाराज. दुसरं मागते."

भज्याच्या तेलाचा चुर्र आवाज तेवढा येत होता.

"महाराज आज माझ्या सोयरिकीचा शब्द देणार, मला ठाऊक हाय. तो आज देऊ नका. माझ्या आप्पांना निवडणुकीला उभं राहायचंय. तुमच्या दोस्तीपायी ते गप्प बसलेत. त्यांना उभं राहू द्या. निकाल काय बी लागो. त्याच्यानंतर सुपारी घेऊन या, मी न्हाई म्हणणार न्हाई. हे सगळ्या गावासमोर सांगते."

मी दादारावांचा चेहरा बघत होते. सफेद्यावर घामाच्या रेघा उतरत होत्या. एक क्षण तिथं राजा नव्हता, सरपंच होते, आणि सरपंचांच्या डोळ्यांत राग होता. पण मुकुट डोक्यावर होता आणि सगळं गाव, शेजारची पाच गावं बघत होती. मग ते हसले. मोठ्यानं हसले. उठले, शेला काढला, खाली उतरले, पडद्याजवळ उभ्या आप्पांच्या खांद्यावर घातला. "मास्तर, अहो मला एक शब्द तर बोलायचा! तुम्ही उभं राहता तर माझ्यापेक्षा आनंद कुणाला हाय? पोरीनं माझे डोळे उघडले. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सुपारी घेऊन येतो." टाळ्या पडल्या. अशा टाळ्या त्या मांडवात कधी पडल्या नव्हत्या. म्हातारी पार्वताबाई पुन्हा हात जोडून उभी. मायनं माझ्या खांद्याला एवढं घट्ट धरलं की वळ उठले.

आप्पा घरी आल्यावर शेला मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं शकूला मारतील. मग म्हणाले, "मला तुझ्या तोंडून ऐकायला पायजे होतं, पटांगणात न्हाई." शकू म्हणाली, "तुम्ही ऐकलं असतं का?" आप्पांनी शेल्याच्या जरीवरून बोट फिरवलं. "न्हाई," ते म्हणाले.

आप्पा उभे राहिले आणि निवडून आले. दादाराव बी आले. पण तेव्हा सरपंच लोकांनी निवडायचा नसायचा, निवडून आलेले मेंबर आपसात निवडायचे, आणि दादारावांना एक मेंबर कमी पडत होता. वाडीचा भिकाजी निवडून आला होता, आणि तो कुणाच्याच पॅनेलमधला नव्हता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मायनं अंगण सारवलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं. शकूनं केस धुतले. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी बी नाही. शकू दुपारी निवडायला तूर घेऊन मुद्दाम ओसरीवर बसायची, रस्त्याकडं तोंड करून, आणि तूर निवडून झाली तरी सुपात परत परत फिरवत राहायची. मी एकदा म्हणाले, "तूच तर थांबवलं ना?" तिनं मला सूप फेकून मारलं.

मग एक दिवस आप्पा बैठकीवरून आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणाले, "दादाराव परत सरपंच झाला. भिकाजीनं मत दिलं. वसंताची सुपारी भिकाजीच्या पोरीसंगं, मंगलसंगं फुटली, काल."

माय म्हणाली, "सुटलो बाई."

शकू उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल." वाडी ओढ्यापलीकडं, पायी जायच्या टप्प्यात. वाटेत मी विचारलं, "मंगलला सांगायला?" ती म्हणाली, "तिला कुणीतरी सांगायला पायजे ना." ती इतकी भरभर चालत होती की मला पळावं लागत होतं.

मंगल हौदावर भांडी घासत होती. आम्हाला ओळखत होती, जत्रेत शकूला सगळ्यांनीच पाहिलं होतं. हात धुऊन आली, गुळाचा चहा टाकला. शकूनं सरळ सांगितलं, काही आडपडदा ठेवला नाही. मंगलनं ऐकलं, चहा गाळला, कप पुढं ठेवले.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "आमच्या बापानंच अट घातली. मत देतो, पोरगी करून घ्या. दादाराव तरी एकटेच राजे हायत का? आमच्या घरी बी एक बसलाय." आणि हसली. "तू थांबवलं कारण तुझे आप्पा साधे हायत. माझ्या बापाला मी कुणापासून वाचवू?"

आम्ही चहा प्यालो. उठताना मंगलनं तिचा हात धरला. हळू, चुलीकडं एकदा बघून, विचारलं, "तू पाहिलंय ना त्याला? मी न्हाई पाहिलं अजून. कसा हाय गं?"

शकूनं हात सोडवला नाही. मला वाटलं ती काही तरी थातूरमातूर सांगेल.

"आपण बोलत असलो तर मधी बोलत न्हाई," ती म्हणाली. "आपलं पुरं होऊ देतो. मंग बोलतो."

मला माहीतच नव्हतं की ती दोघं कधी बोलली होती. परतताना ओढ्यात उतरल्यावर मी विचारायला तोंड उघडलं. ती पुढं होती, पायांत चपला नाहीत, पाण्यातल्या दगडांवर नीट बघून पाय ठेवत होती. मी तिच्या पावलांच्या जागीच पाय ठेवत मागं गेले.